जखमेवरचे पान आणि पापुद्रा

जखम उघडी ठेवावी, वारा लागून तिच्यावर खपली धरली की ती बरी झाली असे समजावे, ही आपली पिढीजात धारणा. परंतु १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवरील उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकून असे दाखवून दिले की, ओलावा टिकलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते, कारण कोरड्या खपलीखालून वाट काढण्याचे कष्ट पेशींना पडत नाहीत. सुश्रुताने व्रणाच्या साठ उपक्रमांत पत्रदानाची, म्हणजे व्रण पानाने झाकण्याची, गणना केली आहे. आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी योजलेल्या केळीच्या पानाच्या पट्टीचे निष्कर्ष २००३ साली रीतसर प्रसिद्ध झाले. पान जखमेला चिकटत नाही, म्हणून पट्टी काढताना कोवळी त्वचा उपटली जात नाही. भाजलेल्या मुलाची पट्टी बदलताना जो शेजारी उभा राहिला असेल, त्याला या एका गुणाचे मोल सांगावे लागणार नाही.

गोव्यात डिचोलीच्या कुळागरांत, म्हणजे पोफळीच्या बागांत, केळी आहेतच. पेडण्याच्या किनाऱ्याकडे मात्र आणखी एक द्रव्य हाताशी आहे, ते म्हणजे सुंगटे (कोळंबी) सोलल्यावर फेकून दिली जाणारी टरफले. सौम्य आम्लाने त्यांतील चुना आणि अल्कलीने प्रथिने काढून टाकली की कायटिन उरते. त्यावर तीव्र, उष्ण अल्कलीची प्रक्रिया केल्यावर मिळणारे कायटोसान शिरक्यातील आम्लाच्या पातळ द्रावणात विरघळते, आणि त्यात किंचित ग्लिसरीन घालून ते उथळ थाळीत वाळविले असता लवचीक, पारदर्शक पापुद्रा हाती येतो. कायटोसानवरील धन विद्युत्भार रक्तपेशींना ओढून घेतो, म्हणून रक्त लवकर साकळते, आणि जंतूंच्या वाढीलाही आळा बसतो.

या पापुद्र्यात हळद किंवा कोरफड घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ते सर्वत्र सारखे पसरले नाही तर औषध एका कोपऱ्यात व जखम दुसऱ्या कोपऱ्यात, अशी अवस्था होते. वस्तू निसर्गातून आली एवढ्यावर ती निर्धोक ठरत नाही: प्रथिनांचा अंश राहिला तर सुंगटे न सोसणाऱ्या माणसाला अपाय संभवतो, आणि टरफलांचा प्रत्येक घाणा निराळा असल्यामुळे बाष्प किती बाहेर जाते, ओला झाल्यावर पापुद्रा किती ताण सोसतो, निर्जंतुक करताना तो विद्रूप होतो काय, हे दर खेपेस मोजावे लागते. पेडणे तालुक्यातच धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले आहे. सुश्रुताचे पत्रदान आणि किनाऱ्यावरची टरफले यांची एकत्र परीक्षा करण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाही, मात्र त्या परीक्षेचा आरंभ हळदीच्या गुणवर्णनाने न होता टरफलांच्या शुद्धीच्या मोजमापाने व्हावा, एवढा माझा आग्रह आहे.