चाचणीआधी पोळी सोडू नका
मुलाचे पोट वारंवार बिघडते, वजन वाढत नाही, लोहाचे औषध देऊनही रक्तक्षय हटत नाही. अशा वेळी सिलिअ‍ॅक आजाराची शक्यता तपासावी. मात्र ऐकीव सल्ल्यावरून पोळी बंद करून केवळ भाकरी-भातावर येऊ नका. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी गव्हातील ग्लुटेनमुळे निर्माण होणारी प्रतिपिंडे शोधते. गहू थांबला, की ती ओसरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. सोबत रक्तातील एकूण आयजीएही मोजावे. ते मुळातच कमी असल्यास ही चाचणी फसते. प्रतिपिंडे आढळल्यास बहुधा दुर्बिणीद्वारे लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासून निदान पक्के करतात; तोवर गहू चालू ठेवावा. तो आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. हे पथ्य आयुष्यभराचे आहे. म्हणूनच निदान निःसंशय हवे.