मासे शोधणारा पडदा आणि हिरवी पडलेली पिन

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं आमचं बीबी. समुद्र इथून ४०० किलोमीटरच्या घरात. माझं दुकान पाण्याच्या मोटारींचं, स्टार्टरचं, मिक्सरचं. अशा दुकानात दर पावसाळ्यात मासे शोधायचं एक यंत्र येऊन पडतं, हे ऐकून गावातली मंडळी अजून हसतात. यंत्र माझ्या भाच्याचं. नोकरीनिमित्त तो मालवणला असतो आणि सुटीच्या दिवशी कयाक घेऊन गळ टाकायला जातो. कयाक म्हणजे एका माणसाने वल्हवायची प्लास्टिकची चिंचोळी होडी. छप्पर नाही, इंजिन नाही, बसणारा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. त्याच्यासमोर वहीएवढा पडदा. पाणी किती खोल, तळ खडकाचा की वाळूचा, मधे मासळी आहे का, ते त्यावर उमटतं.

ही करामत आवाजाची. होडीच्या तळाशी एक चकती असते, तिला ट्रान्सड्युसर म्हणतात. विजेचा झटका मिळाला की ती सेकंदाला दोन लाख वेळा थरथरते. तो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, तळावर आपटून परत येतो. १५ मीटर खोलीवरून जाऊन यायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. माशांच्या पोटात हवेची पिशवी असली की प्रतिध्वनी ठसठशीत येतो. सुरमईला ती पिशवी नसते, म्हणून ती पडद्यावर फिकट दिसते. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली हे तंत्र मच्छीमारांच्या होड्यांवर आणलं. आता ते हौशी माणसाच्या मांडीपाशी आलं आहे.

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी परत येताना भाच्याचा पडदा एकाएकी काळा पडला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात बुडालेले खडक आहेत आणि उजेड उतरत चालला होता. तो किनाऱ्याला लागला तो ओळखीच्या खुणांवर. एका दुकानदाराने यंत्र हातात घेऊन सांगितलं, ‘हे गेलं, नवीन घ्या.’ भाचा ते पिशवीत घालून माझ्याकडे आला. ‘मामा, फेकायच्या आधी एकदा बघा.’

यंत्राला काही झालेलं नव्हतं. मागच्या प्लगमधली एक पिन हिरवी होऊन अर्धी झिजली होती, तेवढंच. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. दोन पिनांच्या मधे त्याचा एक थेंब राहिला आणि बॅटरी जोडलेलीच असली, की अधिक बाजूचा धातू विरघळू लागतो. म्हणजे मीठ जेवढं खातं, त्याहून अधिक मीठ आणि वीज मिळून खातात. तेव्हापासूनचा आमचा नियम असा, की किनाऱ्यावर आल्यावर आधी बॅटरी तोडायची आणि मग बाकीचे प्लग काढायचे. घरी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, नळीचा जोराचा फवारा मारायचा नाही, आणि पिना सावलीत पूर्ण वाळू द्यायच्या. यंत्रावर आयपीएक्स ७ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. तोही प्लग नीट बसलेले असतील तर. लोक ते अक्षर वाचून निर्धास्त होतात, हे मला पटत नाही.

तारेचंही तसंच. साधी तांब्याची तार टोकाकडून ओलावा ओढते आणि वरचं प्लास्टिक शाबूत असताना आतून काळी पडत जाते. त्यासाठी कल्हई केलेली तार मिळते. आपली पितळी भांडी कल्हईने राखली जात, तोच प्रकार. सांधा डाक देऊन, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवायची. काळी चिकटपट्टी समुद्रावर महिनाभरही भरवशाची नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला आपण व्हॅसलीन लावतो, तशी प्लगच्या तोंडाशी सिलिकॉनची ग्रीस लावायची. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. माणूस बॅटरीच्या शेजारी बसलेला असतो, हे विसरून चालत नाही.

बॅटरीचा हिशेब मात्र पुष्कळांचा चुकतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी, यंत्राला अर्धा अँपिअर. कागदावर १४ तास झाले. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून धरायचे सात तास. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी जवळपास निम्म्या वजनाची असते आणि शेवटपर्यंत दाब टिकवून धरते. महाग आहे, तरी कयाकवर तीच बरी. शिशाची बॅटरी बंद डब्यात चार्ज करू नये, हायड्रोजन साचतो.

कधीकधी पडदा चालू असतो आणि तळच दिसत नाही. तेव्हा दोष बहुधा हवेचा. काहीजण चकती होडीच्या आतून, प्लास्टिकच्या तळावर चिकटवतात. आवाज प्लास्टिकमधून जातो, पण गोंदात हवेचा बुडबुडा अडकला की तिथेच अडतो. गोंद हळूहळू दाबून, बुडबुडे बाहेर काढून, एक दिवस हात न लावता ठेवावा लागतो. घाईच्या माणसाचं हे काम नाही, आणि आमचा भाचा घाईचाच.

गावात एकाने विचारलं, लोणारच्या सरोवरावर हे चालेल का? खोली दाखवेल. मासे मात्र तिथे पूर्वापार नसायचे. पाण्याचा सामू पूर्वी १० च्या आसपास असायचा. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं सांगितलं. तिथला एक थेंबही प्लगमध्ये जाऊ नये असं मला वाटतं.

यंदा भाचा परत निघाला तेव्हा मी त्याच्या पिशवीत एक होकायंत्र आणि शिशाचा गोळा बांधलेली वीस मीटर दोरी टाकली. दर दोन मीटरवर गाठ मारली आहे. ‘ही कशाला?’ म्हणाला. मी सांगितलं, पडदा पुन्हा काळा पडला तर ही सोडायची आणि गाठी मोजायच्या. त्याने दोरी घेतली, आणि प्लगच्या ग्रीसची अजून एक डबी मागून घेतली.