बुरशी काढल्यानंतर भिंतीस लेप केव्हां द्यावा?

आश्विन उजाडला कीं घरोघर साफसफाईस आरंभ होतो. पावसाळ्यांत काळवंडलेल्या भिंती दिवाळीपूर्वीं उजळ दिसाव्यात, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु नेमकी येथेंच घाई नडते.

आमच्या कोंकणांतील जुन्या घरीं असेंच झालें. बाळंतिणीच्या खोलीची मोरीकडील भिंत बुरशीनें काळी झाली होती आणि बारसें तोंडावर आलें होतें. आम्हीं भिंत पुसून घेतली व तिसऱ्याच दिवशीं तीवर ऑइल पेंटचे दोन हात दिले. पाहुण्यांनीं खोली वाखाणली. पुढील श्रावणांत मात्र रंगास फोड आले, पोपडे सुटले, आणि त्यांच्याआड बुरशी पूर्वींहून दाट दिसली. मूल तेथेंच रांगत होतें; आजींचा दमाही बळावला होता. तो बुरशीमुळेंच बळावला, असें मी म्हणत नाहीं. परंतु ओलसर घर व श्वसनाचे विकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालच्या मार्गदर्शिकेंत स्पष्ट सांगितला आहे.

बुरशीचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यास हवी असते ती ओल. म्हणून लेप ही शेवटची पायरी होय. प्रथम पाण्याची वाट शोधावी: फुटलेलें कौल, तुंबलेली पन्हळ, मोरीची झिरपणारी कड. आमची मोरीच दोषी निघाली. ती दुरुस्त केल्यावर आम्हीं ऑइल पेंट व पोकळ गिलावा खरवडून काढला. बुरशी कोरडी झाडूं नये, कण उडतात. नाकातोंडावर मुखपट्टी बांधून साबणाच्या पाण्यानें ती घासून काढावी. कारण मेलेली बुरशीही कांहींना बाधते. ब्लीचिंगच्या पाण्यांत आम्ल किंवा अमोनिया कधींही मिसळूं नये. विषारी वायु निघतो.

यापुढें धीर धरावा लागतो. भिंत हातास कोरडी लागली, तरी आंत ओल असूं शकते. हातभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनीं चिकटवून एक-दोन दिवस ठेवावें. भिंतीकडील बाजूस दंव जमलें, तर ओल भिंतींतच आहे. खोलीकडील बाजूस जमलें, तर खोलींतील हवा दमट आहे, खिडक्या उघडाव्यात.

जुन्या माती-चुन्याच्या भिंतींतील ओलीस बाहेर पडण्यास मोकळीक हवी. ऑइल पेंट ती वाट बुजवितो. चुन्याची सफेदी ती मोकळी ठेविते. शिवाय ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्यानें त्यावर बुरशी सहसा रुजत नाहीं. हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून चुना घट्ट होतो, तसा हा गुण ओसरतो. दरवर्षीं सफेदी देण्याची जुनी चाल म्हणूनच शहाणपणाची होती. भिजवून गाळलेला, दुधासारखा पातळ चुना किंचित ओलविलेल्या भिंतीवर द्यावा व प्रत्येक हात वाळूं द्यावा. डोळे मात्र जपावेत. शहरांतील सिमेंटच्या भिंतींसाठीं बुरशीरोधक प्राइमर मिळतो. तोही स्वच्छ, कोरड्या भिंतीवरच टिकतो.

त्या दिवाळींत आमची भिंत बोडकीच राहिली. पाहुण्यांनीं विचारलें, तेव्हां आजींनींच उत्तर दिलें, "ती अजून ओलेत्यानें आहे; वाळली कीं नेसवूं." मार्गशीर्षांत प्लॅस्टिक दोन्हीं बाजूंनीं कोरडें निघालें, आणि मग आम्हीं चुन्याचे तीन हात दिले.