कप ठेवा, काटा काढा!

आठवडाभर मिहानमधल्या ऑफिसात मान मोडून काम केलं, शनिवारी मनीषनगरच्या फ्लॅटवर हौसेनं ओटीजी तापवला, आणि केक? वरून तडा, आतून कोरडा, हातात घेतला तर वीट! ओव्हनला शिव्या घालण्याआधी जरा थांबा. खरा गुन्हेगार अनेकदा मैद्याच्या डब्यात लपलेला असतो. त्याचं नाव 'कप'.

रेसिपी सांगते, दोन कप मैदा. डब्यात कप खुपसून गच्च भरलात, तर एका कपात १५० ग्रॅमपर्यंत मैदा जातो. तोच चमच्यानं हलकेच भरून वरून सुरीनं सपाट केलात, तर साधारण १२० ग्रॅम. दोन कपांत ६० ग्रॅमचा फरक, म्हणजे चक्क अर्धा कप मैदा जास्त! मग बटर कितीही भारी आणा, केक रुसणारच.

कप तरी कुणाचा?

अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा, जपानी २०० चा. सपाट भरलेल्या कपाची शिस्त अमेरिकेत रुजवली ती फॅनी फार्मरच्या १८९६ सालच्या पुस्तकानं. युरोपातल्या रेसिपी मात्र बहुतेक ग्रॅममध्येच बोलतात.

आपल्याला हे काही नवं नाही. आपल्याकडेही धान्य पायली, अधोली, मापट्यानं मोजलं जायचंच की! पण पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या सारख्या वजनाच्या नसतात, हे आजीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. माप जागा सांगतं, माल नाही. बेकिंगमध्ये मोजायचा असतो तो माल.

फ्रिजवर चिकटवा

एक अमेरिकन कप म्हणजे साधारण:

मैदा – १२० ग्रॅम
रवा – १६५ ग्रॅम
साखर – २०० ग्रॅम
पिठीसाखर – १२० ग्रॅम
कोको पावडर – ८५ ग्रॅम
बटर – २२७ ग्रॅम
तेल – २२० ग्रॅम
दूध – २४५ ग्रॅम
मध – ३४० ग्रॅम

पाहिलंत? कप तोच, पण कोको ८५ आणि मध ३४०! म्हणून 'एक कप म्हणजे २४० ग्रॅम' हे सरसकट गणित विसरा. ते फक्त पाण्याला, आणि जवळपास दुधाला लागू पडतं.

आणि आईची वाटी?

रेसिपी आईकडून आली असेल आणि माप 'आपली ती वाटी' असेल, तरी टेन्शन नको. वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. त्याच्या निम्मा आकडा म्हणजे वाटीभर मैद्याचे ग्रॅम. साखरेसाठी ०.८५ नं गुणा. १८० मिलीच्या वाटीत मैदा ९० ग्रॅम, साखर साधारण १५०. फक्त आई वाटी सपाट भरते की शीग लावून, ते फोन करून विचाराच!

बेकिंग पावडर, सोडा मात्र चमच्यानंच मोजा. घरगुती काटा दोन-चार ग्रॅमला गडबडतो. त्यातही ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा, हे लक्षात असू द्या.

डिजिटल काटा साधारण एका विकतच्या केकच्या किमतीत येतो. एकाच भांड्यात मैदा, साखर, बटर, प्रत्येक वेळी शून्य करत टाकत जा. घासायला कपही उरत नाहीत! आणि वीकएण्डला केकच्या ऑर्डरी घेत असाल, तर काट्याला पर्याय नाही. परवाचा केक आणि आजचा केक सारखा निघाला, तरच गिऱ्हाईक परत येतं. शिवाय एका केकला किती बटर गेलं हे ग्रॅममध्ये कळलं, की भाव ठरवताना अंदाजपंचे चालत नाही.

हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री घरी आली की संत्र्याचा केक करालच. 'दोन संत्र्यांचा रस' असं लिहिलं असेल, तर तो रसही काट्यावर घाला. केक जमला, की आकडा रेसिपीशेजारी पेनानं लिहून ठेवा.