अलोऱ्यातला एक गुंठा गहू

अलोऱ्यात पाण्याची टंचाई आहे असं म्हटलं, तर घाटावरचा माणूस हसेल. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथल्या वीजघरांवर उतरतं. पश्चिमेकडे असं पाणी वळवायला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, यावरूनच त्याचा अंदाज यावा. वीज काढून झाली की ते अवजल वाशिष्ठीला मिळतं. नदीपासून उंचावरची आमची खाचरं मात्र भात कापलं की पावसाळ्यापर्यंत कोरडीच. उरलेल्या ओलीवर कुळीथ नाहीतर पावटा, एवढंच.

तिथे मी गहू पेरला. शेजारचे काका वईवरून बघत होते. "गहू? आणि हितं?" एवढंच बोलले.

एका गुंठ्याचे चार सारखे वाफे केले. पहिल्याला काही नाही, दुसऱ्याला फक्त खत, तिसऱ्याला फक्त एक पाणी, चौथ्याला दोन्ही. बियाणं निफाडच्या संशोधन केंद्राचं 'नेत्रावती', जिरायतीला चालणारं. जिरायत गव्हाला हेक्टरी ४० किलो नत्र सांगतात, बागायतीला १२०. ४० किलोच्या हिशेबाने पाव गुंठ्याला १०० ग्रॅम नत्र, म्हणजे साधारण २२० ग्रॅम युरिया. ओंजळी-दोन ओंजळींचं काम. तो वर फेकला नाही. बियाण्याच्या खाली, ओलीत जाईल असा ओळीत पेरला. कोरड्या मातीवर पडलेला युरिया मुळांपर्यंत पोचत नाही. दवाने भिजला तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं.

महिन्याभरात दुसरा आणि चौथा वाफा काळेभोर हिरवे दिसू लागले. फुटवेही जास्त. बाकीचे दोन पिवळट. मी काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते खाली बसले, दुसऱ्या वाफ्यात बोट खुपसून माती चोळली आणि काही न बोलता गेले.

एकच पाणी देता येत असेल तर ते बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, पीक कांडी धरताना द्यावं, असं कृषी विद्यापीठ सांगतं. पाव गुंठ्यावर पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे १,२५० लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर त्र्याऐंशी घागरी. दोन वाफ्यांना त्याच्या दुप्पट. विहिरीवरून पाइप ओढला म्हणून निभावलं. कागदावर 'एक पाणी' किती सोपं दिसतं!

त्यानंतरच्या आठवड्यात खरी गंमत दिसली. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या वाफ्याची पानं पुंगळीसारखी वळायची. शेजारच्या पहिल्या, बिनखताच्या वाफ्याची पानं त्या मानाने सरळ. खताने पाला वाढला, पाल्याने ओल लवकर ओढून संपवली, आणि ओंबीत चीक भरायची वेळ आली तेव्हा खाली काही उरलंच नव्हतं. आमची जांभ्याची माती मुळात उथळ. काळ्या जमिनीसारखी ओल धरून ठेवणारी नव्हे. पहिला वाफा अर्धपोटी वाढला खरा, पण बेताबेताने पिऊन. तिसऱ्याला पाणी मिळालं, तरी फुटवेच कमी, त्यामुळे ओंब्याही मोजक्या.

ओंब्या पिवळ्या पडू लागल्या तसे पोपट आणि मुनिया आले. अख्ख्या वाडीत गहू एकच, मग ते दुसरीकडे जातील कशाला? त्याआधी भातकापणीनंतर मोकाट सोडलेल्या गुरांसाठी वई दोनदा दुरुस्त करावी लागली होती. हा खर्च कुठल्या शिफारशीत नसतो.

मळणी अंगणातच केली. चौथा वाफा वजनात पुढे, त्यात वाद नाही. तिसरा त्याच्या मागे. उभ्या पिकात दुसऱ्याच्या ओंब्या पहिल्यापेक्षा जास्त होत्या, म्हणून मला त्याची आशा होती. पण सूप वाऱ्यावर धरलं आणि सुरकुतलेले दाणे कोंड्याबरोबरच उडाले. पहिल्याचे दाणे बारीक होते, तरी सुपातच राहिले.

काकांनी दुसऱ्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरला. "ह्याची पोळी व्हायची नाय," म्हणाले. त्यांचा कुळीथ सकाळीच उपटून झाला होता, एक घागरही न घालता. मी दुसरा वाफा चाळून घेतला आणि चाळणीखालचं कोंबड्यांना टाकलं.