झाड ‘रोगट’ आहे हे ठरवतं कोण?

पावसाळा तोंडावर आला की वस्त्यावस्त्यांतून एकच तक्रार येते. पत्र्याच्या घरावर झाड झुकलंय. महापालिका म्हणते जागा खासगी आहे, मालक म्हणतो हे पालिकेचं काम. तर दुसऱ्या टोकाला बांधकामाच्या आड येणारी धडधाकट झाडं अचानक ‘रोगट’ ठरतात. या दोन्ही ठिकाणी लागू होणारा कायदा एकच आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. (गावांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे.)

शहरात जमीन कोणाचीही असो, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. सरकारी अधिकाऱ्यालाही अर्ज करावा लागतो. ‘तोडणे’ या शब्दात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे खोडात अ‍ॅसिड ओतून झाड वाळवलं, तर तोही गुन्हाच.

खरी मेख पुढे आहे. झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल, तर परवानगी नाकारता येत नाही. म्हणून ‘रोगट’ हा शेरा एकदा बसला की झाडाचा निकाल लागलाच म्हणून समजा. तो शेरा मारण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः पाहणी करायची असते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची असते आणि झाडावरही नोटीस लावायची असते. ती नोटीस आपल्यापैकी किती जण थांबून वाचतात? लेखी हरकत घ्यायची वेळ तीच. पाहणी अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

रोग ओळखायलाही थोडं शिकावं लागेल. बुंध्याशी कडक, तपकिरी अळंबी उगवली असेल तर आतून खोड किंवा मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी; पानं हिरवीगार असली तरी असं झाड वाऱ्यात आडवं होऊ शकतं. मुंबईत पिठ्या ढेकणाने कित्येक पर्जन्यवृक्ष वाळले. उलट, विहाराच्या आवारातला पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून उघडा पडतो, म्हणून तो मेलेला नसतो. काही आठवड्यांत तांबूस पालवी फुटते. आणि बुंध्याला चिकटून सिमेंट ओतून मुळं गुदमरवायची, मग झाड आजारी आहे म्हणायचं, हा प्रकार तर बहुतेक शहरांत दिसतो. सिमेंट फोडून माती मोकळी करणं हाही उपचारच आहे, आणि पालिकेकडे ही मागणी करता येते.

वस्तीवर झुकलेल्या झाडासाठी मात्र तोंडी तक्रार उपयोगाची नाही. रस्त्यावरच्या झाडाची जबाबदारी पालिकेची. खासगी आवारातल्या झाडासाठी मालकाने किंवा सोसायटीने अर्ज करायचा असतो, आणि मालक हलत नसेल तर पालिकेने त्याला नोटीस द्यावी असं रहिवाशांनी लिहून द्यावं. अर्ज उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे. सोबत फोटो, जागेची खूण, खालच्या घरांची संख्या आणि घरटी एक सही. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.