मूल झोपेत दात का खाते?

"डॉक्टर, हा रात्रभर करकर दात खातो. जंतांचे औषध द्या." पेण असो की रोहा, लहान मुलाला घेऊन आलेल्या आईच्या किंवा आजीच्या तोंडी ही तक्रार हमखास असते. कित्येकदा दुकानातून बाटली आणून मुलाला पाजलेलीही असते.

जंतांमुळे मूल दात खाते, या समजुतीला खात्रीलायक शास्त्रीय आधार नाही. आपल्या भागात जंत होतात हे खरे. ओल्या मातीत अनवाणी चालताना अंकुशकृमी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात, तर गोलकृमींची अंडी न धुतलेल्या हातांवाटे व भाज्यांवाटे पोटात जातात. म्हणूनच २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. त्या दिवशी अंगणवाडीत व शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना जरूर द्यावी. मात्र दात खाणे थांबले नाही म्हणून पुन्हा पुन्हा जंतांचे औषध पाजू नये.

मग मूल दात का खाते? झोप रात्रभर सारखी गाढ नसते. ती मधून मधून हलकी होते, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळले जातात आणि दातावर दात घासतात. मुलाला याचा पत्ताही नसतो. आई-वडिलांना लहानपणी ही सवय असेल तर मुलातही दिसू शकते. नवी शाळा, घरातील भांडणे, धाकट्या भावंडाचा जन्म अशा ताणाच्या दिवसांत ती वाढते. पक्के दात येऊ लागल्यावर बहुतेक मुलांत ती हळूहळू आपोआप कमी होते.

एका कारणाकडे मात्र दुर्लक्ष नको. टॉन्सिल किंवा नाकामागील अॅडिनॉइडच्या गाठी वाढल्या की झोपेत श्वास अडतो, झोप वारंवार मोडते आणि दात खाणेही वाढू शकते. असे मूल तोंड उघडे टाकून झोपते, रोज घोरते, घामाघूम होते, दिवसा चिडचिड करते, अभ्यासात मागे पडते. घरचे जंतांचे औषध देत राहतात आणि मूळ दुखणे तसेच राहते. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

सकाळी जबडा किंवा डोके दुखणे, दात झिजणे, थंड-गरम झोंबणे ही लक्षणे असल्यास दंतवैद्यांकडे जावे. मुलाला कोणते औषध रोज चालू असेल तर तेही सांगावे. काही औषधांनीही हा त्रास होतो.

एरवी घरचे उपाय पुरतात. झोपेची वेळ ठरावीक ठेवा. संध्याकाळनंतर चहा देऊ नका. झोपण्यापूर्वी तासभर टीव्ही व मोबाइल बंद ठेवून एखादी गोष्ट सांगा. दात खातो म्हणून रागावू नका, गदागदा हलवून उठवू नका.

आज रात्री मूल झोपल्यावर थोडा वेळ त्याच्या उशाशी बसा. ते घोरते का, श्वास मध्येच थांबतो का, हे नीट ऐका. तसे आढळल्यास मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा. निदानाला त्याची मोठी मदत होते.